सातवी पायरी

सुभद्रेच्या घरातला जिना म्हणजे भर दुपारीही मिट्ट काळोख. दोन भिंतींच्या मधून उभाच्या उभा चढलेला, अकरा पायऱ्यांचा, आणि खिडकी म्हणाल तर औषधालाही नाही. मालवणात वीज आली तेव्हा लोकांनी आधी ओटीवर दिवे लावून मिरवून घेतलं. सुभद्रेने मात्र नवऱ्याला, गंगारामला, बजावून सांगितलं की आपला पहिला दिवा जिन्यावर लागेल. त्याने लगेच होकार दिला. नाही कसं म्हणणार? तीस वर्षांपूर्वी हातात चिमणी घेऊन उतरताना सातव्या पायरीवरून ती घसरली होती. सहावा महिना होता. मूल गेलं. त्या गोष्टीचा उच्चार पुन्हा दोघांनीही केला नाही, आणि मागाहून झालेल्या सीतेला तर तिचा पत्ताच नव्हता.

आता तीच सीता बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा सरत आलेला. वैशाखाचा उकाडा, खाली जीव घुसमटतो म्हणून ती माडीवर निजायची. परसाकडे जायला मात्र खालीच यावं लागे, तेही दिवसातून दहादा.

दिवा बसवला होता सत्यवानाने. हा शेजारच्या सावित्रीचा मुलगा, मुंबईला गिरणीत वायरमन, रजेवर गावी आलेला. दिवा एक आणि बटणं दोन, एक जिन्याच्या पायथ्याशी, एक माडीवर. खालून लावा, वर जाऊन मालवा. सगळी आळी बघून गेली. सीता आली त्या दिवशी सुभद्रेने माडीवरच्या बटणाला हळद-कुंकू लावलं, चिमूटभर अक्षता वाहिल्या, वर जास्वंदीचं फूल खोचलं आणि पोरीला सांभाळ रे बाबा म्हणून हात जोडले.

आणि दुसऱ्याच दिवशी दिव्याचं डोकं फिरलं. कधी लागे, कधी नाही. वरून तसं, खालूनही तसंच. काल संध्याकाळी सीतेने बटण दाबलं, दिवा लागला नाही, तरी बाई निघालीच चाचपडत. एक पायरी चुकली. जिन्याला बांधलेला दोर हातात होता म्हणून वाचली. खाली उभ्या असलेल्या सुभद्रेने तो दोर करकरताना ऐकला आणि रात्रभर तोच तिच्या कानात करकरत राहिला.

सकाळी तिने सत्यवानाला हाताला धरून आणला. तो बिचारा खाऱ्या हवेचं काहीतरी सांगू लागला, तर नाचता येईना अंगण वाकडं, असं त्याला तोंडावर ऐकवलं. शिवाय मुंबईत काय नुसते चहा प्यायला जाता काय, हेही विचारून घेतलं. जिभेला हाड नव्हतंच, आणि भीतीने ती जास्तच सुटली होती.

सत्यवानाने फ्यूज काढला. डिसमिस घेऊन खालचं बटण उघडलं, तारा ओढून पाहिल्या, स्क्रू पिळले. पुन्हा फ्यूज घालून बघितलं, तर ये रे माझ्या मागल्या. मग छपराजवळचा जोड सोडला, बांधला. दोन तास गेले. आपणच तारांची अदलाबदल केली की काय, असं तो स्वतःशीच पुटपुटायला लागला, आणि ते सुभद्रेने ऐकलं. ह्यालाच कळत नाही, तर आता कोणाच्या तोंडाकडे बघायचं?

तेवढ्यात वरून सीतेची हाक आली, उतरते म्हणून. फ्यूज बाहेर, जिना ठार काळा.

"थंयच रव! पावल काढू नको," सुभद्रा ओरडली.

चिमणी पेटवायला गेली तर घाईत काडी विझली. दुसरीही विझली. मग तशीच हातापायांवर वर चढली, आणि लेकीकडे तोंड करून उलट्या पावलांनी, तिचं एकेक पाऊल आपल्या हाताने पायरीवर ठेवत खाली उतरली. सीता हसत होती. सातव्या पायरीवर आईची नखं पायात रुतली तेव्हा तिचं हसू थांबलं.

सत्यवान हे सगळं बघत होता. हळूच म्हणाला की एकच गोष्ट उघडायची राहिली आहे, वरचं बटण. पण त्याच्यावर देवाचं कुंकू. पूजलेल्या वस्तूला डिसमिस लावायला त्याचा हात धजत नव्हता.

सुभद्रेचाही जीव कचरला. देवाला सांगून ठेवलेलं असं उघडायचं? पण सातव्या पायरीवर लेकीच्या पायात रुतलेली तिची नखं अजून दुखत होती.

"उघड," ती म्हणाली.

दोघं माडीवर गेली आणि तिथल्या खिडकीच्या उजेडात त्याने झाकण काढलं. आत पितळी खाचेत तांदळाचा एक दाणा अडकलेला, कुंकवाने लालभडक. त्या बाजूला बटण वाजायचं, पण आतली पट्टी पितळेला टेकतच नव्हती. बटण त्या अंगाला असलं की खाली कितीही दाबा, दिवा लागणार नाही. सत्यवानाने दाणा तळहातावर घेतला, काकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"उंदरान आणलो आसतलो, काकी."

सकाळपासून त्या गरिबाला काय काय बोलली होती ती! चोर सोडून संन्याशाला फाशी. सुभद्रेला लाज वाटली.

"उंदीर खंयचो रे? माझ्याच हातान घातलंय," ती म्हणाली.

दाणा निघाला, बटण पुसलं, फ्यूज बसला. वरून लागला, खालून मालवला, खालून लागला, वरून मालवला. सुभद्रेने वीसएक वेळा करून बघितलं तेव्हा कुठे सत्यवानाला चहा मिळाला. तो पिऊन घरी गेला.

बटणाला कोणी अक्षता वाहतं का म्हणून सीता आईला चिडवू लागली. सुभद्रा जिन्याच्या तोंडाशी उभी होती. दिवा लागलेला होता, आणि अकराच्या अकरा पायऱ्या कधी नव्हत्या तशा स्वच्छ दिसत होत्या. तिने बोट दाखवलं.

"थंय पडलंय मी. पोटात तुझो भाव होतो."

दोर धरून सीता सावकाश चढली, सातव्या पायरीवर बसली आणि आईला खालच्या पायरीवर बसवून घेतलं. मग सुभद्रेने त्या गेलेल्या मुलाचं, तीस वर्षांचं सगळं सांगितलं, रडत, थांबत.

दुपारी गंगाराम बाजारातून आला. भर दिवसा जिन्यावर दिवा बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. वीज काय फुकट येते, असं पुटपुटत त्याने मालवायला बटणावर हात ठेवला आणि वर पाहिलं. मायलेकी कुठल्या पायरीवर बसल्या आहेत हे त्याला मोजावं लागलं नाही.

त्याने बटणावरचा हात काढला. स्वयंपाकघरात जाऊन जेवण स्वतःच वाढून घेतलं आणि एकटाच जेवायला बसला.