जितक्या नोंदी, तितकी जागा

मित्रांनो, मी एक जुनी ओळ आहे. वहीतली नव्हे, प्रोग्रामातली. सी भाषेत मला लिहिलं आणि हॉस्पिटलच्या मशीनमध्ये बसवलं. वॉर्डातल्या पेशंटच्या नाडीचे आकडे पडद्यावर दिसतात ना, ते आधी मांडायला जागा लागते. ती जागा धरणं हे माझं काम. जितक्या नोंदी येतील तितकी जागा धर, असं माझ्या कर्त्यानं सांगितलं. कुठे थांबायचं, ते सांगायचं मात्र राहूनच गेलं. तरी सगळे म्हणायचे, काय सुटसुटीत ओळ आहे! मीही फुशारले.

पण मशीनची जागा मुळात वीतभर. नोंदी वाढू लागल्या तसा माझा जीव टांगणीला लागला. जागा संपणार, आणि मला तर थांबता येत नाही. सांगणार कुणाला? ओळीला कुठलं आलंय तोंड!

आता मला सांभाळायचं काम एका प्रोग्रामर ताईकडे होतं. तिचे बाबा त्याच वॉर्डात दाखल झाले. त्यांची खाट बदलली, आणि पडद्यावर बाबा दोनदा दिसू लागले. ताईनं सिस्टरना विचारलं.

"जुनी नोंद काढली की आधीचे आकडे पुसले जातात," सिस्टर म्हणाल्या. "म्हणून आम्ही नवी घालतो, जुनी तशीच ठेवतो."

ताईला लगेच मी आठवले. खाटा तेवढ्याच, नोंदी मात्र रोज वाढत होत्या.

ती तडक ऑफिसात गेली. साहेब म्हणाले, इतकी वर्षं चालतंय, कशाला नसता उपद्व्याप? ताईनं वाद घातला नाही. तिथे टेबलावर तसलंच एक मशीन होतं; त्याची नाडी मोजणारी क्लिप तिनं स्वतःच्या बोटाला लावली आणि नोंदी भरत गेली. मी जागा धरत गेले, धरत गेले, आणि कोसळले. पडदा काळा झाला नाही. तिच्या नाडीचा शेवटचा आकडा, बहात्तर, तिथेच राहिला. तिनं क्लिप काढली, तरी बहात्तर.

"साहेब, माझे बाबा गेले तरी इथे त्यांचा आकडा दिसतच राहील," ती म्हणाली.

साहेबांनी स्वतः वॉर्डात फोन केला. पडद्यावर विसंबू नका, नाडी हातानं बघा. मग ताईनं मला खोडून नवी ओळ लिहिली, पुन्हापुन्हा तपासून बसवली. नव्या ओळीची जागा ठरलेली आहे. ती आधी मोजते, आणि नोंदी जास्त झाल्या तर भोंगा वाजवते.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, यंत्राला काम शिकवाल तेव्हा नाही म्हणायलाही शिकवा. मला तेवढं कुणी शिकवलं असतं, तर त्या लेकीला बापाच्या मरणाची गोष्ट तोंडानं बोलावी लागली नसती.