शालन चालली की पाणी यायचं

शालन इंगवले भराभर चालायला लागली की शिक्षक कॉलनीच्या नळांना पाणी यायचं आणि ती थांबली की धार बारीक व्हायची. टाकीचा पंप जळाला तेव्हापासूनची ही गोष्ट. डॉक्टरांनी तिला रक्तदाबासाठी रोज सकाळी चालायला सांगितलं, तिने मैदानाला पहिली फेरी घातली, आणि तिच्या छातीच्या ठोक्यांसरशी घराघरांतले नळ फुसफुसून वाहायला लागले. कुणाला नवल म्हणून वाटलं नाही. चेअरमन भोसेकर सर तेवढे म्हणाले, "वहिनी, उद्यापासून जरा लवकर निघत जा. पोरांच्या शाळा असतात."

बरं, पाणी सगळ्यांना सारखं तरी यावं? नाव नको! ती चालत असली की खालच्या आळीला, म्हणजे पायांकडे, नुसता धो धो मारा. अंगणं धुऊन व्हायची, गाड्या धुऊन व्हायच्या. मधल्या आळीचे नळ तेवढ्या वेळात कोरडे ठणठणीत, कारण पाय मागत असले की पोटाने थांबायचं असतं. मधल्या आळीत तारळेकरवहिनी राहायच्या. त्यांना पाणी हवं असेल तर शालनने पोटभर जेवून स्वस्थ बसायचं. वरची आळी डोक्याची. ती चालो, बसो, नाहीतर झोपो, तिथली धार कधी कमी झाली नाही. भोसेकर सर तिथेच राहायचे, हे सांगायला नकोच.

"अहो, बसा ना घटकाभर, माझी भांडी खोळंबलीत," तारळेकरवहिनी दारातून ओरडायच्या.

"बसताय काय? चला, चला!" खालची आळी कुंपणावरून ओरडायची.

शालनच्या जिवाला म्हणून उसंत नव्हती. सणाला पुरण खाल्लं तरी लोक विचारायचे, हे चालण्याआधीचं की नंतरचं?

पुढे पुढे चालून चालून तिचं काळीज चांगलं तयार झालं. पूर्वी चिमणीसारखं टकटक करायचं ते आता सावकाश ठोका देऊ लागलं, पण एका ठोक्यात अख्खी बादली भरून सांडायची. डॉक्टर खूश झाले. कॉलनी मात्र फुरंगटली, कारण कॉलनीत पाळी लावली होती ती ठोक्यांवर. तुमचे इतके ठोके, आमचे इतके.

"ठोके कमी केलेत तुम्ही," तारळेकरवहिनी म्हणाल्या.

"अहो, पण बादली भरते ना?"

"भरते हो. पण ठोके कमीच की!"

आता याला काय म्हणावं! कपाळावर हात मारून घ्यायचा, दुसरं काय. मग पाणी कमी येतं म्हणून लोकांनी तेच केलं जे लोक करतात. एकाने गुपचूप नळाला मोटार लावली. शेजारच्याने बघितलं, त्यानेही लावली. आठवडाभरात एकही नळ बिनमोटारीचा उरला नाही. मोटारी सुरू झाल्या की शालनला बरगड्यांच्या आतून ओढ लागायची आणि तिच्या पायाखालची वाट लांबायची. मैदानाची फेरी संपता संपेना.

अशात एका सकाळी जावयाचा नगरहून फोन आला. लेकीला, तेजलला, दवाखान्यात नेलं होतं. पहिलंच बाळंतपण, त्यात पोरीची आई नाही जवळ. शालनने दोन लुगडी आणि डिंकाचे लाडू पिशवीत कोंबले.

"अहो, मी निघाले."

"नीघ की," इंगवले पेपरातून म्हणाले. "तू चालणार म्हणजे कुणाची तक्रार नाही."

ती निघाली. फाटक समोर दिसत होतं, त्यापलीकडे एसटीचा थांबा. पण ती जसजशी घाईने चालायची, तसतसा नळांना जोर यायचा, तसतशा मोटारी ओढायच्या आणि रस्ता लांबत जायचा. तोच खांब पुन्हा, तीच पिवळी भिंत पुन्हा. पळून बघितलं, तर फाटक दुप्पट मागे गेलं. घाम निथळला तसे घरांच्या भिंतींवरून ओघळ उतरायला लागले.

शालनचं डोकं सणकलं. "नाही चालत, जा!" ती ओरडली आणि रस्त्याच्या मधोमध फतकल मारून बसली.

श्वास खाली आला. नळ मंदावले. मोटारी कोरड्या घरघरल्या आणि गप्प झाल्या. तेवढ्यात फाटक पुढे सरकलं, अगदी हाताला लागेल इतकं. लोक बादल्या घेऊन जमले.

"वहिनी, असं एकदम बसू नये," भोसेकर सर म्हणाले. "रक्त पायांत साचतं, घेरी येते. हळूहळू एक फेरी मारावी, मग बसावं."

"माझी पोर अडलीय तिकडे! मोटारी काढा, मला बाहेर पडू द्या. तुमच्या पाया पडते."

लोक हळहळले. खरंच हळहळले, खोटं कशाला बोलू. तारळेकरवहिनींनी डोळे टिपले.

"सगळ्यांनी काढल्या तर मीही काढते," त्या म्हणाल्या.

"आधी वरच्या आळीने काढावी," खालच्या आळीचा एक जण म्हणाला.

"मी काढली आणि तुम्ही नाही काढली तर?" सरांनी विचारलं.

कुणीच हललं नाही. शालनने त्यांच्याकडे बघायचं सोडून दिलं. हळूच एक हात पुढे केला, फाटकाची कडी धरली. अजिबात धाप लागू न देता, अगदी शांतपणे बाहेर पडायचं, तिने ठरवलं.

फोन वाजला. तेजल होती.

"आई, आत नेतायत गं मला. खूप दुखतंय. कुठवर आलीस?"

शालन जागची हललीसुद्धा नाही. पण काळीज असं काही उसळलं की तिन्ही आळ्यांचे नळ एकदम फुटल्यासारखे सुटले.

"आलं! आलं!" बादल्या खणखणत सगळे घराकडे धावले. पहिली मोटार लागली, मग दुसरी, मग सगळ्याच. कडी तिच्या बोटांतून निसटली आणि फाटक मागे मागे जात काडेपेटीएवढं झालं. तिने छातीवर हात दाबून धरला, स्वतःला बजावलं, शांत हो, बाई, शांत हो. ठोका आणखी वाढला.

"आई, बोल ना," तेजल म्हणाली.

शालनने तोंड उघडलं. जीभ टाळ्याला चिकटली होती आणि तोंडात थेंबभरही ओल उरली नव्हती.