कपाटाचा आरसा

"आजी, तुम्ही जरा बाहेर बसता का?" कान तपासणाऱ्या बाई काचेपलीकडून माइकवर म्हणाल्या.

"का? मी काय केलं?"

"तुम्ही भुवया उडवताय. बाळ तुमच्याकडे बघून वळतंय."

खोटं नव्हतं ते. त्या खोलीच्या भिंतींना, दाराला, सगळीकडे जाड स्पंज लावलेला. मधोमध सून बसलेली, मांडीवर माझी दहा महिन्यांची नात. डावीकडच्या डब्यातून टूं आवाज आला की मी डोळ्यांनी डावीकडे खूण करायची. पोरगी हुशार, लगेच तिकडे बघायची. अठ्ठावीस वर्षं शाळेत शिपाईण होते मी. परीक्षेत खुणा करणारी किती पोरं मी पकडून दिली! म्हातारपणी मीच सापडले.

बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. दाराला गोल काच होती. आत पोरगी आईच्या बांगड्यांशी खेळत होती. आवाज होत होता की नाही ते मला बाहेरून कळत नव्हतं, आणि तिला आतून.

मग मलाही आत बोलावलं. बाई म्हणाल्या, "दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येतंय. जन्मल्यावर इथेच तपासणी झाली असेल ना?"

"झाली होती. पास झाली होती," सून म्हणाली. "आईंनी सांगितलं मला."

बाईंनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं. मी माझ्या चपलांकडे बघितलं.

"इथे तर 'पास नाही, महिन्याभरात परत आणा' असं आहे. चिठ्ठीही दिलीय." बाई थांबल्या. "सहा महिन्यांच्या आत कानाचं मशीन लागलं असतं तर बोलणं शिकायला सोपं गेलं असतं. असो. आता वेळ घालवू नका."

त्यांचा तो 'असो' अजून माझ्या घशात अडकलाय.

आता सांगते. चिठ्ठी माझ्याच हातात दिली होती. सून बाळंतपणानं गळून झोपली होती, मुलगा ट्रक घेऊन कुठे लांब. नर्स म्हणाली, "घाबरू नका, कधीकधी कानात पाणी असतं. पण परत आणाच." सून जागी झाली तेव्हा मी काय सांगितलं? "अगं, तुझ्या लेकीनं मशीनलाच नापास केलं! एवढे तिखट कान, की मशीनचा काटा तुटला म्हणे." सून हसली. टाके दुखत होते तरी पोट धरून हसली. तिचं हसू मोडवेना, म्हणून चिठ्ठी मी चष्म्याच्या डबीत ठेवली. उद्या सांगू म्हटलं.

थापा मारणं हा माझा जन्माचा उद्योग. मी घंटा दिली की नदीपलीकडची शाळासुद्धा सुटायची, असं मी सांगते, आणि लोक ऐकतात. पण थाप एकदा घरात घेतली की तिला रोज खायला घालावं लागतं.

म्हणून मी थाळीचा खेळ काढला. पोरीला पलंगावर उशांना टेकवून बसवायचं, आपण पाठीमागे उभं राहायचं आणि थाळीवर आमटीचा डाव हाणायचा. पोरगी गर्रकन मान वळवायची. शेजारीण म्हणायची, "अगंबाई, काय कान आहेत!" मी म्हणायची, "आजीवर गेलीय."

पाचव्या महिन्यात एकदा थाळी वाजवली, पोरगी वळली नाही. परत हाणली. नाही. पलंगासमोरच्या कपाटाचं दार उघडं राहिलं होतं, ते मी सहज लावलं आणि डाव उचलला. अजून वाजवलाही नव्हता, तर ही वळली. कपाटाच्या दाराला आरसा होता. त्यात तिला मी दिसत होते.

डाव पलंगावर टाकला. खाली बसले. मग उठले, आणि त्या दिवसापासून कपाटाचं दार कधी उघडं राहू दिलं नाही. संध्याकाळी शेजारीण आली तेव्हा खेळ परत करून दाखवला.

का, म्हणाल. माझी एक नणंद अशीच होती. तिला कुणी नावानं हाक मारत नसे. पाठीत खडा मारून बोलवायचे. मीही मारलेत.

दवाखान्यातून घरी आलो तशी सुनेनं पोरीला पलंगावर ठेवलं. "चिठ्ठी कुठंय?"

डबीतून काढून दिली. तिनं वाचली, घडी घातली.

"आणि थाळी? थाळीला कशी वळत होती?"

मी आरशाकडे बोट केलं. ती पोरीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिनं आरशात बघितलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"पाचव्या महिन्यापासून पक्कं."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "मी तिला रोज अंगाई म्हणत होते, आई. तुम्ही दारात उभ्या राहून ऐकत होतात."

तिनं जुनी चादर आणली, चार खिळे घेतले आणि आरसा झाकून टाकला. माझ्याकडे बघितलंच नाही.

मशीनसाठी कानाच्या मापाचे साचे बनून यायला तीन आठवडे गेले. मशीनं लागली तर पोरगी ती उपटून तोंडात घालायची. दर आठवड्याला दवाखान्यातून एक शिकवणाऱ्या बाई घरी यायला लागल्या. पहिल्या दिवशी विचारलं, "दिवसभर बाळाजवळ कोण असतं?"

"मी," मी म्हटलं.

"दुसरं कोणी नाही म्हणून," सून म्हणाली. ती शिलाईच्या कारखान्यात जाते. सुट्टी वाढवून मिळाली नव्हती.

"आल्यापासून आजींच्या गप्पा चालू आहेत, बोलायला आवडतं वाटतं. चांगलंय, सारखं बोलणारं माणूसच हवंय."

"फार आवडतं," सून म्हणाली. "काय वाट्टेल ते बोलतात."

बाईंना त्यातलं काही कळलं नाही. "फक्त एक करा, आजी. जे समोर आहे तेच बोला. चमचा दाखवला की चमचा. पाणी दाखवलं की पाणी. उगाच पाल्हाळ नको."

आता बसते मी पोरीसमोर. हा चमचा. हे पाणी. चमचा राक्षसानं चोरला होता आणि मी तो त्याच्या मिशीतून ओढून काढला, हे ओठांवर येतं. गिळते. हा चमचा.

बाईंनी एक वही दिलीय. पाठीमागून हाक मारायची आणि वळली की नाही ते लिहायचं. सून कामावरून आली की हाक मला मारायला लावते आणि स्वतः समोर उभी राहून बघते. माझ्या सांगण्यावर एक अक्षर लिहीत नाही. दीड महिना झाला, वहीत खाली खाली 'नाही' एवढंच आहे.

काल ती स्वयंपाकघरात भांडी घासत होती. वही ओट्यावर होती. मी नेहमीसारखी पोरीच्या मागे उभी राहिले आणि हाक मारली. आतला नळ बंद झाला.

"वळली का?"

आवाज कसा होता सांगू? टाके दुखत असताना हसली होती ना, तसा. बघायला दुसरं कुणी नव्हतं. 'हो' म्हटलं असतं तर आमच्या घरात निदान एक रात्र बरी गेली असती. तो शब्द माझ्या जिभेवर पाय सोडून बसला होता, जन्माचा सोबती.

"नाही," मी म्हटलं.

बघायला ती बाहेर आली नाही. दारातून मला तिची पाठ दिसत होती. तिनं ओले हात पुसले, वही ओढली आणि लिहिलं.

"परत मारा," ती म्हणाली आणि नळ बंदच ठेवला.

आरशावरच्या चादरीचा एक कोपरा सुटला होता. तो मी खिळ्यात अडकवला, पोरीच्या मागे गेले आणि परत हाक मारली.