पान्हाचोर

मित्रांनो, मी एक जुनं रेडकू आहे. ऐकायला विचित्र वाटलं ना? रेडकू कधी जुनं होत नाही. ते मोठं होतं, त्याला शिंगं फुटतात, त्याचा रेडा होतो. मी मात्र रेडकूच राहिलो आणि तसाच जुना झालो. माझ्या पोटात भाताचा पेंढा आहे. पायांत हाडांच्या जागी बांबूच्या काठ्या आहेत. डोळ्यांच्या जागी नुसती भोकं. माझं स्वतःचं म्हणावं असं कातडं तेवढं उरलं, आणि त्यालाही आता कसर लागली आहे.

आधीच सांगून ठेवतो, बोलताना मला राग येतो. मी राहतो त्या वस्तीत राग गिळायला शिकवतात. मी पेंढ्याचा, गिळून ठेवणार कुठे?

ठाण्याला टेंभी नाक्याच्या पुढे तेव्हा गोपीनाथशेठचा तबेला होता. तिथे माझा जन्म झाला. देश स्वतंत्र होऊन तीन वर्षं झाली होती. तबेल्याच्या दारावर कागदी झेंडा चिकटवलेला होता आणि आत माझी आई आखूड दाव्याला बांधलेली होती. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून तिला चांदरी म्हणत. तिनं मला चाटून चाटून कोरडं केलं. मी लटपटत उभा राहिलो आणि तिच्या कासेकडे तोंड नेलं. तेवढ्यात भिवानं मला मागे ओढलं. भिवा म्हणजे तबेल्यात धारा काढणारा गडी.

"शेठ, रेडा झालाय," तो म्हणाला.

"मग काय आरती ओवाळू त्याला? पारडी असती तर पुढेमागे दूध दिलं असतं. चार तोंडं मारू दे, म्हणजे ती पान्हा सोडेल. मग बांध बाजूला."

माझ्या वाटणीचा चीक शेठच्या ओळखीच्या घरी खरवसाला गेला. रोज तसंच चाललं. मी तोंड लावायचो, आईच्या कासेत दूध उतरायचं, आणि दूध उतरलं की मला ओढून खुंट्याला बांधायचे. मला कुणी काठी मारली नाही. सुरी लावली नाही. नुसतं पिऊ दिलं नाही. लोक ह्याला मारणं म्हणत नाहीत. एका सकाळी मी उठलोच नाही, तेव्हा शेठ म्हणाला, "मेलं वाटतं आपोआप." आपोआप! हा शब्द मी अजून विसरलेलो नाही.

मेल्यावर तरी सुटका व्हावी? तीही नाही. लेकरू दिसलं नाही की म्हैस दूध वर ओढून धरते. म्हणून माझं कातडं सोलून त्यात पेंढा भरला, शिवलं आणि मला आईपुढे उभं केलं. पाठीवर मिठाचं पाणी चोळलं. आई मला हुंगायची, हुंकार द्यायची, चाटत राहायची. खाली भिवाची चरवी भरायची. सकाळ-संध्याकाळ तिला फसवायचं आणि त्या फसवणुकीला माझंच अंग वापरायचं. माझं कौतुकही व्हायचं बरं का! दुसऱ्या तबेल्यांतले गडी येऊन म्हणायचे, "काय बेस रेडकू बनवलंय रे भिवा! अक्षी जिवंत."

त्या तबेल्यात दर सोमवारी गोदाताई यायची. नाक्याजवळच्या चाळीत राहणारी, हळू आवाजात बोलणारी, व्रतवैकल्यं नेमानं करणारी बाई. सोमवारी ती महादेवाला दुधाचा अभिषेक करायची, आणि ते दूध आपण उभं असताना काढलेलं असावं असा तिचा नेम होता. चार हातांतून गेलेलं, पाणी घातलेलं दूध देवाला नको. म्हणून ती ओलेत्यानं दारात उभी राहायची, आत मात्र कधी येत नसे. शुद्धतेसाठी इतकी जपणारी बाई, पण उंबऱ्याच्या आत काय आहे ते तिनं पाहिलंच नव्हतं.

एका सोमवारी आईनं मान झटकली आणि मी आडवा पडलो. पोटाची शिवण उसवून पेंढा दारापर्यंत सांडला.

"भिवा, हे काय रे?"

"रेडकू हाय, ताई. म्हंजे, होतं."

"आणि हा पेंढा?"

"त्याबिगर म्हस पान्हा सोडत नाय. लई चोरटी हाय. पान्हा चोरते."

गोदाताईनं आवाज चढवला नाही. आधीपेक्षाही हळू विचारलं, "स्वतःच्या लेकराचं दूध ती राखते, आणि चोर तीच? मग आपण कोण रे, भिवा?"

भिवा सांडलेला पेंढा गोळा करू लागला. शेठ मात्र पुढे आला. "ताई, दर सोमवारी भांडं घेऊन कोण येतं? तुम्ही घेता म्हणून मी विकतो. पाप वाटत असेल तर निम्मं तुमच्या पदरात घ्या."

"सगळंच घेते," ती म्हणाली आणि रिकामं भांडं घेऊन परत गेली.

पुढच्या सोमवारी तिनं पिंडीवर पाणी घातलं. चाळीत चर्चा झाली. तिची शेजारीण हौसाबाई तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "काय गो, महादेवाला पाण्यावर ठेवलंस? रेशनिंग देवालापण लागलं की काय?" मग नुसती थट्टा करायला म्हणून हौसाबाई मला बघायला तबेल्यात आली. त्या दिवसापासून तिच्या चुलीवर कोरा चहा उकळू लागला.

अशी एकेक माणसं जमली. कुणाचंही वाईट न करता, कुणाच्या लेकराचा घास न ओढता राहता येईल अशी वस्ती करायची, असं ठरलं. जागा दिली माजिवड्याच्या महिपतनं. त्याचं तिथलं जुनं घराणं, भाताची आणि मिठाची शेती असलेलं. तो स्पष्टच म्हणाला, "मी म्हावरा खातो, ता काय सोडनार नाय. पन ही जमीन पडीक हाय, खडकाल हाय. तुमच्यानं काय पिकत असेल तर पिकवा."

त्यांनी कुदळीनं जमीन फोडली, बैल जुंपला नाही. शेणाऐवजी पाचोळा कुजवला. नाचणी, वाल, तीळ पेरले. कातड्याच्या वहाणा गेल्या, लाकडी खडावा आल्या. भजनातला पखवाज गेला, टाळ राहिले. सोवळ्याचा रेशमी कद गेला, कारण एका कदासाठी किती किडे उकळतात हे कुणीतरी सांगितलं. वस्तीचं नाव निर्वैर वस्ती. नियम असा की दूध नाही, मध नाही, आणि कुठलंही जनावर बाळगायचं नाही.

हे सगळं ऐकून मला बरं वाटलं असेल, असं तुम्हाला वाटतं ना? थांबा.

वस्तीची स्थापना श्रावणात झाली. वयानं मोठे म्हणून राघोतात्या पुढारी होते. पूजेला पंचामृत हवं, त्यावर घोळ सुरू झाला. हौसाबाईनं बोटांवर हिशेब केला, "दूध गेलं, दही गेलं, तूप गेलं, मध गेला. ऱ्हायली साखर. देव म्हंजे काय मुंगी हाय?"

सगळे हसले. तात्या हसले नाहीत. त्यांनी तोड काढली. "आपण दूध सोडलं ते आपल्यासाठी. देवाच्या दुधाला दोष नाही. एक दिवस आणू." आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या! मित्रांनो, खरं सांगतो, मला शेठचा जेवढा राग येतो, त्याहून जास्त त्या डोलणाऱ्या मानांचा येतो. शेठ निदान देवाचं नाव पुढे करत नव्हता.

दूध कुठून आणणार? गोपीनाथशेठच्या तबेल्यातून. कुणाचं? माझ्या आईचं. गोदाताई वाद घालत बसली नाही. तिनं भिवाला एवढंच सांगितलं, "चरवी आणशील तेव्हा रेडकूही आण." भिवा मला खांद्यावर टाकून माजिवड्यापर्यंत चालत आला. गोदाताईनं मला चौरंगासमोर उभं केलं, शेजारी चरवी ठेवली.

"हे काय आरंभलंय?" तात्या चिडले.

"ज्याचं दूध आहे, त्यानंच नैवेद्य दाखवावा, तात्या. तुम्ही नुसता ह्याला हात जोडून विचारा, चालेल का म्हणून. तो हो म्हणाला तर मी स्वतः अभिषेक करते."

कुणी विचारलं नाही. टाळ थांबले. शेवटी शहाळ्याच्या पाण्यानं पूजा झाली आणि चरवी तशीच परत गेली. मी मात्र परत गेलो नाही. "ह्याला पुन्हा त्या कामाला लावू देणार नाही," असं गोदाताईनं भिवाला सांगितलं. सगळ्यांना वाटलं, फार मोठं काम झालं.

चारसहा दिवसांनी भिवा धावत आला. "ताई, रेडकू द्या. म्हस हंबरून हंबरून घसा बसलाय तिचा. कासेला हात लावू देत नाय. शेठ म्हनतो, पान्हा चोरनारी म्हस कशाला पोसू? उद्या कल्यानच्या बाजारात धाडतो. तिथनं ती खाटकाकडंच जानार."

गोदाताई मला सोडवायला गेली आणि माझ्या आईच्या गळ्याला फास लागला.

वस्ती जमली. तात्या म्हणाले, "रेडकू परत द्या. म्हैस वाचेल."

"वाचेल म्हणजे रोज फसेल," गोदाताई म्हणाली. "तिलाच इथे आणू."

"जनावर बाळगायचं नाही हा आपला नियम. तूच केलास."

"जनावराला राबवू नये म्हणून केला, तात्या. जनावर दारात मरायला आलं तर दार लावायला नाही केला."

"आज एक म्हैस. उद्या ठाण्यातल्या सगळ्या आणशील?"

मी कोपऱ्यात उभा होतो. माझ्या आईचा जीव आणि त्यांचा नियम ताजव्यात घालून ही अहिंसक माणसं बसली होती, आणि मला ओरडायला घसा नव्हता!

महिपत ओट्यावर बसून ऐकत होता. तो उठला. "तुमचा बोलना होईपर्यंत ती कल्यानला पोचंल. शेठला वैरण लागते. माझ्याकडं भाताचा पेंढा हाय. दोन गाड्या टाकतो, म्हस घेतो. मग ती माझी म्हस, माझ्या जागेवर बांधीन. तुमचा नियम ठेवा तुमच्याकडं."

शेठनं खुशीनं सौदा केला. आईच्या बदल्यात त्याला दोन गाड्या पेंढा मिळाला. त्या पेंढ्यानं पुढे किती रेडकांची पोटं भरली गेली, मला माहीत नाही. गोदाताईलाही माहीत नाही. पण पुढे ती दर सोमवारी उपवास सोडायच्या आधी माझ्यापुढे येऊन बसायची, ती त्यासाठीच असावी.

आई आली. भिवानं दावं सोडलं. गोदाताईनं मला आडोशाला नेलं होतं. "इथे तिला फसवायचं नाही," असं ती म्हणत होती. पण आईला वास लागला. ती सरळ माझ्यापाशी आली, कपाळ माझ्या मानेला घासलं आणि बसलेल्या घशानं हुंकारली. आणि मित्रांनो, तिच्या कासेतून दूध गळायला लागलं. कुणी हात न लावता, चारी सडांतून, थेंब थेंब, मग धार.

हौसाबाईच्या हातात तांब्या होता. जन्माची सवय! ती पटकन वाकली आणि तांब्या धारेखाली धरायला गेली. वाटेतच तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि तांब्या जमिनीवर पालथा घातला. दूध मातीत जिरत राहिलं. तात्यासुद्धा बघत उभे होते. कुणी भांडं आणलं नाही.

दूध वाया गेलं, असं तुम्हाला वाटेल. माझ्या आयुष्यात तेवढंच दूध वाया गेलं नाही.

आता तुम्ही शाळेतून ह्या वस्तीत मला बघायला येता, "बिचारं!" म्हणता आणि घरी जाऊन पेला तोंडाला लावता. मला बिचारं म्हणू नका. त्यानं माझं पोट भरत नाही. उद्या सकाळी दूधवाला दारात आला की त्याला एकच विचारा, "म्हशीचं रेडकू कुठं आहे?" तो हसेल. तुमची आई रागावेल. तरी विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत भांडं पुढे करू नका.