चारचा पहारा

"तिकडच्या सत्संगाला जायाला लागलात म्हणं?" हणमंतरावांनी दारातूनच विचारलं.

"हाव," ज्वारी निवडता निवडता गल्लीतल्या साखराबाई म्हणाल्या, "लपून थोडीच जातेय?"

औशातल्या गल्लीच्या मारुतीचा सप्ताह चौदा वर्षं हणमंतरावच सांभाळत होते. सात दिवस वीणा भुईला टेकवायची नाही, माणसांनी दोन-दोन तासांचा पहारा करून ती गळ्यात धरायची, ही रीत. लोकांना त्रास नको म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यांनीच वीणा खुंटीला टांगली आणि नामजपाचं यंत्र आणलं. वर सगळ्यांना सांगितलं, जमलं तर या. झालं! कुणालाच जमेना. नाक्यावरच्या नव्या सत्संगात मात्र कांदा बंद, चहा बंद, दोन्ही वेळची हजेरी, तरी पाय ठेवायला जागा नाही.

"असं काय देतात हो तिथं?"

"देतेत कशाचं? मागतेत! चपला सांभाळायचं काम माझ्याकडं हाय. दोन दिस तापानं पडले तर चौघीजणी घरी आल्या. तुमच्याकडं माझ्यावाचून काय अडत होतं, सांगा की."

हणमंतरावांना राग आला, तो स्वतःचाच.

यंदा सप्ताह बसला त्या दिवशी त्यांनी यंत्राची वायर उपटली आणि सकाळीच वीणा गळ्यात घातली. साखराबाईंना निरोप धाडला, बाराचा पहारा तुमचा. बारा वाजून गेले. तरी गडी हलला नाही. एकच्या सुमाराला साखराबाई घाईघाईनं आल्या.

"बाईमाणसाला चालतंय का?"

"चालतंय. धरा."

वीणा घेत त्या म्हणाल्या, "चारपर्यंत धरते, मंग माझी तिकडं सेवा हाय. म्होरं कोण हाय?"

"कुणी न्हाई."

"मंग हुडका की! माझ्या तोंडाकडं काय बघत बसलात?"

न जेवताच हणमंतराव तडक भजनातल्या जुन्या ग्यानोबाकडे गेले. म्हातारा बाजेवर पडला होता.

"ग्यानोबा, चारचा पहारा तुझा. तू न्हाई आलास तर वीणा खाली ठेवावी लागंल."

"माझे गुडघे गेलेत, हणमंता."

"खांबाला टेकून उभा ऱ्हा. मी बाजूला हाय."

ग्यानोबा कण्हत कोपरावर उठला. मग त्यानं हात पुढे केला.

"वढ मला," तो म्हणाला.