खडबडीत बाजू वर!

मित्रांनो, नुसतं ऐका, प्रश्न नंतर! मी आहे गोधडीतलं चिकट अस्तर. पातळ, पांढरं, अंगावर छापील चौकटी आणि एका बाजूला गोंदाचे खडबडीत ठिपके. माझ्यावर कापडाचे चिमुकले चौकोन मांडायचे, इस्त्री फिरवायची, की ते घट्ट बसतात. मग रेघेवर घडी घालून सरळ शिवत सुटायचं. कोपऱ्याला कोपरा आपोआप जुळतो!

तर, मिनेसोटातल्या मार्लिसआजी. घरातल्या प्रत्येक बाळाला त्यांच्या हातची गोधडी ठरलेली. पण आता हात थरथर कापायला लागले, चौकोन निसटायला लागले, आणि नेमकं तेव्हाच पणतवंड येणार होतं. आजींनी मशीन झाकूनच ठेवलं.

मग त्यांच्या भावजय, लव्हॉनबाई, मला घेऊन आल्या.

"गोंदाने गोधडी? त्यापेक्षा दुकानातून विकतच आण ना!" मार्लिसआजी फणकारल्या.

"कॉफी पी आणि चौकोन मांड. हात कापतात, तोंड तर कापत नाही ना तुझं!"

दोघींनी चौकोन मांडले. लव्हॉनबाईंनी इस्त्री फिरवली, मला उचलायला गेल्या, तर मी हलेचना! चौकोन मात्र भुरूभुरू खाली. बाईंनी मला उलटं ठेवलं होतं! मी चिकटलो होतो इस्त्रीच्या टेबलाला!

"वा! आता बाळाला टेबल पांघरू का?" आजींच्या डोळ्यांत हसून हसून पाणी.

लव्हॉनबाई मला ओरबाडायला लागल्या. "थांब गं! गरम असतानाच हळू सोलायचं," म्हणत त्याच कापऱ्या हातांनी आजींनी मला सोडवलं. थोडा गोंद गेला, पण वाचलो!

पुन्हा मांडणी, खडबडीत बाजू वर. जिथला गोंद गेला होता तिथला बदकाच्या चित्राचा चौकोन निसटला, तो लव्हॉनबाईंनी घाईघाईत टाचणीने अडकवला. आजी मशीनवर बसल्या. खटखटखट! हात कापत होते, पण चौकोन हलले नाहीत. मी धरून होतो ना! कोपरे असे जुळले की आजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "अजून आण हे फडकं."

गुरुवारी चर्चच्या तळघरात शिवणाऱ्या बायकांनी गोधडीचा शिवलेला वरचा भाग हातोहात फिरवला. नुसती वाहवा! तेवढ्यात ट्वायलाबाई म्हणाल्या, "मार्लिस, तुझं बदक डोक्यावर उभंय."

सगळ्या वाकून बघायला लागल्या. मार्लिसच्या गोधडीत चूक? आजवर कधी नाही! लव्हॉनबाई लालेलाल. "दे इकडे, उसवते मी." माझा जीव टांगणीला! मी एवढा पातळ, उसवलं की तिथे फाटलोच.

आजींनी बदकावरून बोट फिरवलं. "राहू दे. पोर काय सरळ झोपणारंय? उलटं लोळलं की त्याला हे एकच सरळ दिसेल."

असा हशा पिकला, काय सांगू!

आता मी गोधडीच्या पोटात आहे. कुणाला दिसत नाही, पण ऊब मस्त! मित्रांनो, इस्त्रीआधी माझ्यावरून एकदा हात फिरवा. आणि चुकलंच, तर ओरबाडू नका हं, हळू सोडवा.

बाळ झालंय गोडुलं. इतके चौकोन आहेत, पण चोखायला त्याला तेच बदक लागतं. खरं सांगा, तुम्ही असता तर उसवलं असतं?