वस्ती नसलेला भाग

‘कोण म्हणतं?’ एवढे दोनच शब्द मार्लीनने बडवले आणि कीबोर्ड असा काही पुढे ढकलला, की माझी सुपाची वाटी टेबलाच्या काठाशी गेली. मी वाटी सावरली. इतक्या वर्षांच्या संसारात मला एवढं कळलंय, की ही चिडली की आधी अन्न सावरावं आणि मग विचारपूस करावी.

“आता काय केलं त्या दगडाने?” मी विचारलं.

दगड म्हणजे एक माणूस. इंटरनेटवर तो फुकटचा विश्वकोश आहे ना, कुणीही लिहावा आणि कुणीही खोडावा असा, त्यात आमच्या देशातल्या राज्यमार्गांवर लेख लिहिणारी एक जमातच आहे. रस्ता कुठे सुरू होतो, कुठे वळतो, डांबर कधी पडलं, हे सगळं ते भक्तिभावाने लिहितात. लेख पुरा झाला की लेखक तो ‘उत्तम’ हा शेरा मिळावा म्हणून पुढे ठेवतो आणि दुसऱ्या कुणीतरी तो तपासून पास किंवा नापास करायचा. पगार नाही, साधी कॉफीसुद्धा नाही. या गृहस्थाने तिथे ‘मैलाचा दगड’ असं नाव घेतलं होतं. मार्लीनने त्यातला मैल केव्हाच गाळून टाकला होता.

आणि मार्लीन तपासनीस. तिच्या नावाने ती सगळी जमात बोटं मोडते. वाक्याला छापील आधार नसला की ती शेजारी ‘कोण म्हणतं?’ असं लिहिते आणि आधार मिळेपर्यंत लेख तसाच टांगून ठेवते. यात नवल काहीच नाही. निवृत्त होईपर्यंत ती काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर बसायची. कागद नाही तर लायसन्स नाही, मग समोर कुणी का असेना. तिचा सख्खा मोठा भाऊ व्हर्जिल एकदा नूतनीकरणाला आला, तर जन्माचा दाखला नाही म्हणून तिने त्यालाही परत पाठवला. व्हर्जिल सुईणीच्या हातून घरात जन्मलेला, दाखला येणार कुठून? वर पाय मोडलेला, कुबडी घेऊन रांगेत उभा राहिलेला. पाय मोडला तोही त्याच्या मूर्खपणाने. आमच्या डोंगरात रानात मधेच डॅफोडिलची पिवळी फुलं दिसली की लहान पोरसुद्धा थांबतं. तिथे कधीकाळी कुणाचं तरी घर असणार, आणि घर होतं म्हणजे जुनी विहीरही असणार. हा गडी रानटर्कीच्या मागे धावत गेला तो थेट विहिरीत. त्या दिवशी खिडकीवर तो एवढंच म्हणाला, “मी जन्मलो हे तुला माहीत नाही का गं?” आणि मार्लीनने खालमानेने पुढच्या माणसाला हाक मारली. पुढे वर्षभर व्हर्जिल आमच्या घरी जेवायला आला नाही.

तर आता लेख होता आमच्याच राज्यमार्ग ६१७ वर. मी आयुष्यभर त्या रस्त्यावरून गॅसची टाकीगाडी हाकली, त्यामुळे मला वाटलं चार कौतुकाचे शब्द ऐकायला मिळतील. मार्लीनने स्क्रीन माझ्याकडे वळवला. लिहिलं होतं, ‘१९६४ साली मार्ग सरळ करण्यात आला. नवा रस्ता वस्ती नसलेल्या भागातून नेण्यात आला.’

मी चमचा खाली ठेवला.

तो वस्ती नसलेला भाग म्हणजे डटन हॉलो. मार्लीन तिथली. दोन टेकड्यांच्या बेचक्यात कोळशाच्या खाणीची घरं होती, आठ-दहा. खाण बंद पडली, कंपनीने गाशा गुंडाळला, पण माणसं कुठे जाणार? ती राहिली. कागदावर मात्र जमीन कंपनीची आणि रिकामी. कंपनीने ती रस्त्याला विकून टाकली आणि एका वसंतात बुलडोझर आले. मार्लीन तेव्हा तिसरीत होती. निघायच्या दिवशी तिच्या आईने घर झाडून घेतलं. दुपारी जे पाडणार होते ते घर, कोपऱ्याकोपऱ्यातून. हे मार्लीनने मला आमच्या लग्नानंतर एकदाच सांगितलं आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. आजही गाडी हॉलोच्या वळणावर आली की तिला पर्समध्ये काहीतरी शोधायचं असतं.

दगडाचं उत्तर संध्याकाळपर्यंत आलं. त्या काळच्या वर्तमानपत्राचं कात्रण त्याने आधाराला जोडलेलंच होतं, ते बघून घ्यावं, असं त्याने सुनावलं होतं. शिवाय परीक्षकबाईंनी फोटो धूसर म्हणून नाकारल्यामुळे आपण येत्या शनिवारी चार तास गाडी चालवून नवे फोटो काढायला येत आहोत, तेव्हा बाई त्याच काउंटीत राहतात तर समोरासमोरच काय ते बोलून टाकू, असंही होतं. त्यातला खवचटपणा मलासुद्धा कळला.

“जाऊ नकोस,” मी म्हणालो.

“का? मी काय त्याला भिते?”

शनिवारी आम्ही चौकातल्या हॉटेलात गेलो. दगड आधीच येऊन बसला होता. खरं नाव कीथ लिंडक्विस्ट, पन्नाशीला टेकलेला, राजधानीत कुणाच्या तरी हिशेबाच्या कचेरीत नोकरीला. गळ्यात कॅमेरा, समोर ग्रेव्हीत बुडालेली बिस्किटं, म्हणजे आमच्याकडचे ते मऊ पाव. उठून हात पुढे करायचं त्याला सुचलं नाही.

“तुम्हीच का त्या?” तो म्हणाला. “मला वाटलं होतं, जरा उंच असाल.”

“नापास करायला उंची लागत नाही,” मार्लीन म्हणाली आणि त्याच्या समोर बसली.

बराच वेळ दोघं स्वल्पविराम, मैलांचे आकडे आणि नकाशे यांवर एकमेकांना ओरबाडत होती. मी ॲपल पाय मागवला आणि ऐकत राहिलो. खरं सांगायचं तर दोघंही एकाच मातीची होती. एकाने चूक काढली की दुसऱ्याचे डोळे चमकायचे. मग ते वाक्य आलं.

“ते वाक्य चुकीचं आहे,” मार्लीन म्हणाली. “तिथे घरं होती. त्यातलं एक आमचं.”

त्याने काटा थांबवला. “कोण म्हणतं?”

“मी म्हणते. माझी आई सांगायची.”

त्याने काटा बशीत ठेवला, हातरुमालाने तोंड पुसलं. “बाई, मागे मी एका पुलावर लेख दिला होता. त्या पुलाचे रिव्हेट माझ्या आजोबांनी ठोकले होते. त्यांच्या टोळीतले दोघं नदीत पडून गेले. आजोबांनी मला मांडीवर बसवून त्यांची नावं पाठ करून घेतली होती. मी ती लेखात घातली. तुम्ही शेजारी काय लिहिलंत, आठवतंय?”

मार्लीनला आठवत होतं. तिचा चेहराच सांगत होता.

“‘आजोबा हा आधार होत नाही,’” तो म्हणाला. “मी नावं काढली. मग आता आई कशी होते?”

त्याची ती ग्रेव्हीची बशी त्याच्याच डोक्यावर पालथी घालावी असं मला वाटलं. पण त्याचं चुकलं कुठे, तेही सांगता येईना, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. मी म्हणालो, घर पाडणाऱ्याने काय पोचपावती दिली असती का? तो म्हणाला, ते मला ठाऊक नाही, मला छापलेलं लागतं, यांनीच शिकवलंय. शिवाय तुमचा यात जीव गुंतलाय, म्हणजे नियमाने हे परीक्षण तुम्ही सोडायला हवं.

“सोडणार नाही,” मार्लीन उठत म्हणाली. “हरकत असेल तर तक्रार करा. आणि फोटो काढताना सूर्य पाठीशी घ्या.”

घरी येताना वळणावर तिने पर्स उघडली नाही, समोर बघत बसली. कोट न काढताच ती टेबलापाशी येऊन बसली तेव्हा मी म्हणालो, “नापास कर त्याला.”

“कशावरून?”

“कशावरूनही. स्वल्पविरामावरून कर.”

“लेख चांगला आहे, ड्वेन.” हे म्हणताना तिला कडू औषध गिळावं लागत होतं. “तेवढं वाक्य सोडलं तर मेल्याने चांगला लिहिलाय.”

“मग वाक्य खोड. तुझ्या हातात आहे.”

“व्हर्जिलला मी खिडकीवरून परत पाठवला होता,” ती म्हणाली. “सख्ख्या भावाला. आणि आता स्वतःला आत घेऊ?”

मी व्हर्जिलला फोन केला, म्हटलं तूच समजाव. तो म्हणाला, तिला सांग, लोकांच्या माहितीसाठी मी अजून जन्मलेलो नाही. आणि हसत सुटला. मला काही हसू आलं नाही. मला दगडाचा राग येत होता, रस्त्याचा येत होता, ज्या रस्त्यावरून टाकी ओढत मी पोट भरलं त्याचा, आणि खरं तर तिचाही येत होता. स्वतःच्या घराला स्वतःच कागद मागत बसलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

तीन-चार दिवस ती त्या लेखाकडे फिरकली नाही. मग एका सकाळी मी दाढी करत असताना तिची हाक आली. तोंडाला फेस तसाच ठेवून मी गेलो. तिने दगडाने जोडलेलं ते कात्रण मोठं करून ठेवलं होतं.

“वाच,” ती म्हणाली. “मोठ्याने.”

मी वाचलं. “‘नवा मार्ग वस्ती नसलेल्या भागातून जाईल, असे रस्ते खात्याच्या प्रवक्त्याने सांगितले.’”

“कोण म्हणतं?”

“प्रवक्ता म्हणतो. खातं.”

“बातमीदार तिथे गेला होता?”

“बातमीत तरी तसं दिसत नाही.”

“नाहीच गेला.” ती हसली, पण ते हसणं काही गोड नव्हतं. “हे त्याचंच छापलेलं आहे, ड्वेन. त्याने नीट वाचलं नाही. आणि चिडले होते म्हणून मीही नाही वाचलं.”

तिने परीक्षणात लिहिलं, आणि पाठवायच्या आधी मला वाचून दाखवलं. ‘१९६४ पर्यंत माझं घर तिथे होतं. त्यामुळे या वाक्याबाबत माझा शब्द मी धरत नाही, तुमचाही धरू नये. तुमच्या कात्रणात आहे तेवढंच लिहा : रस्ते खात्याच्या म्हणण्यानुसार हा भाग वस्ती नसलेला होता.’

मी म्हटलं, एवढंच? आई, घर, सगळा हॉलो, आणि तुला मिळाले तीन शब्द? ती म्हणाली, तीनच मिळतात.

दगडाने दुसऱ्या दिवशी बदल केला. शेजारी लिहिलं, ‘ठीक. नवे फोटोही टाकले आहेत. सूर्य पाठीशी होता.’

फोटो चांगले होते, हे मलाही कबूल करावं लागलं. एक आमच्या वळणाचा होता. खाली रस्ता, वर कापलेला उतार आणि उताराच्या माथ्यावर पिवळी धमक फुलं. खाली ओळ होती, ‘राज्यमार्ग ६१७ : रस्त्याकडेची रानफुलं.’ मार्लीन त्याकडे इतका वेळ बघत राहिली, की मला वाटलं हिला बरं नाही. मग तिने टाइप करायला घेतलं.

‘ही रानफुलं नाहीत. डॅफोडिल आहेत. डॅफोडिल लावावे लागतात. कोणतंही बागेचं पुस्तक बघा.’

तासाभरात उत्तर आलं. ‘डॅफोडिल केलं. तुम्ही जेवायला तरी उठता का? अजून काही?’

‘ओळीत आहेत. फोटोत दिसतंय, वेगळा आधार नको.’

‘ओळीत केलं. झालं समाधान?’

त्याला कळलं नव्हतं. शहरातला माणूस, त्याला कसं कळावं? आमच्याकडच्या कुठल्याही पोराला तो फोटो दाखवला असता, तर ते म्हणालं असतं, जपून रे, इथे विहीर असेल. मार्लीनने त्याला काही समजावलं नाही. तिने एकेक मुद्दा पुन्हा तपासला आणि लेख पास केला, ‘उत्तम’ शेऱ्यासकट.

मग तिने तो फोटो स्क्रीनभर मोठा केला. खाली आता लिहिलं होतं, ‘रस्त्याकडेला ओळीत फुललेले डॅफोडिल.’ मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो. ओळ सरळ होती आणि मधेच एक फट होती, दोन माणसं शेजारीशेजारी जातील एवढी.

मार्लीनने त्या फटीवर बोट टेकवलं. “इथून आत जायचं,” ती म्हणाली.

मग काचेवर उमटलेलं बोट तिने स्वेटरच्या बाहीने पुसून काढलं, कोपऱ्यांपर्यंत.